जोडेघाटचा दावा

कुमराम भीमू यांच्याविषयी सध्या एक मत रूढ आहे. ते मांडणारी माणसे भली आहेत, म्हणूनच त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. मत थोडक्यात असे: आदिलाबादच्या डोंगरात 1940 साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात एक गोंड पुढारी पडला. सरकारदरबारी तो फरारी आणि बंडखोर होता, जिल्ह्याबाहेर त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. आधी दंतकथेने, मग कादंबरीने आणि शेवटी सिनेमाने त्याला मोठे केले. त्यात थोडी अतिशयोक्ती झाली, पण अतिशयोक्तीवाचून लोकनायक घडत नाही. आज त्याचे नाव जगभर पोचले आहे, मग तपशिलाचा हट्ट कशाला?

याच मताची एक विद्वान आवृत्तीही आहे. ती म्हणते, गोळ्यांचे पाणी करणारा लोककथेतला भीमू आणि वाघाशी झुंजणारा पडद्यावरचा भीम दोघेही सारखेच काल्पनिक. इतिहासकाराने दोन्ही पुटे खरवडून काढावीत, आत उरेल तो खरा माणूस.

मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि त्यांची चूक एकच आहे. लोककथेने भीमूंच्या सामर्थ्यात भर घातली. सिनेमाने त्यांची मागणी काढून घेतली. भर घालणे आणि काढून घेणे या दोन क्रिया एका पारड्यात बसत नाहीत. पहिलीने माणूस फुगतो, पण ओळखू येतो. दुसरीने तो बदलतो.

पूर्वपक्षाला त्याचे श्रेय आधी देऊन टाकू. मार्च 2022 मध्ये आलेल्या राजामौली यांच्या ‘आरआरआर’मुळे भीम हे नाव पुण्या-मुंबईपासून जपान-अमेरिकेपर्यंत गेले. हा इतिहास नाही, कल्पित कथा आहे, असे दिग्दर्शकाने आधीपासून उघड सांगितले होते. सिनेमातला दुसरा नायक राम, म्हणजे अल्लूरी सीताराम राजू; ते 1924 च्या मे महिन्यात मारले गेले, भीमू त्यानंतर सोळा वर्षांनी, आणि दोघांची भेट कधीच झाली नाही. पण न भेटलेल्यांची भेट घडवणे हा कथाकाराचा जुना हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार कशाची आहे ते कळण्यासाठी, भीमू जिथे पडले त्या जोडेघाटला काय झाले, ते आधी पाहावे लागेल.

आदिलाबादचा डोंगराळ भाग एके काळी चांद्याच्या गोंड राज्याकडे होता. इथल्या राजगोंडांची शेती नांगराची; कोलाम आणि नाईकपोड डोंगरउतारावर पोडू, म्हणजे फिरती शेती, करीत. हलक्या जमिनीत गोंड शेतकरी काही वर्षे पीक घेई, मग ती पडीक टाकून शेजारचा तुकडा नांगराखाली आणी. पडीक तुकडाही त्याचाच असे. कधी परत यायचे ते त्याला माहीत असे, गावाला माहीत असे. कागदावर मात्र त्याचे नाव नसे. बरेच गोंड ‘सिवाय-जमाबंदी’ने शेती करीत, म्हणजे वर्षाचा सारा भरायचा, पण पट्टा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निजामाच्या जंगलखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखायला घेतल्या. आखणाऱ्यांना पडीक जमीन रिकामी दिसली आणि ती रेषेच्या आत गेली. पुढे कित्येक वस्त्याही आत गेल्या. काल सारा भरणारा माणूस आज अतिक्रमण करणारा ठरला. त्याने ढोर चरायला सोडले की चराईपट्टी, लाकूड तोडले की दंड, आणि दंड टाळायचा तर शिपायाच्या हातावर काही ठेवायचे.

त्याच काळात रस्ते झाले, आसिफाबादच्या बाजूला व्यापार वाढला आणि मोकळ्या खोऱ्यांतली काळी जमीन पट्ट्याने बाहेरच्यांकडे जाऊ लागली. हे बाहेरचे कोण? पूर्वेकडून आलेले तेलुगू भाषक, हैदराबादेतले मुसलमान जमीनदार, आणि पश्चिमेकडून आलेले मराठी बोलणारे शेतकरी व पाटील-देशमुख. मराठी लेखकाने हे शेवटचे नाव गाळू नये. कागद वाचता येत होता, तहसील कचेरीत ओळख होती, म्हणून जमीन आपल्याकडे आली. गोंडाजवळ या दोन्हींपैकी काहीच नव्हते.

भीमूंचे आयुष्य या चिमट्यातच गेले. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीत जन्म, लहानपणी स्थलांतर आणि सुर्दापूरला शेती. परंपरा सांगते की तयार पिकावर हक्क सांगायला आलेल्या सिद्दिक नावाच्या पट्टेदाराचा भीमूंच्या हातून मृत्यू झाला आणि ते चांद्याकडे पळाले. ही घटना झाकण्याची चाल अलीकडच्या चरित्रांत दिसते, ती मला पसंत नाही. लोककथा ती झाकत नाही. माणूस फरारी का झाला हे ती स्पष्ट सांगते, आणि वाद कशावरून झाला हेही. वाद पिकावरून झाला.

पुढे काही वर्षांनी ते परतले. बाबेझरी, जोडेघाट, पटनापूर, शिवगुडा अशा बारा पाड्यांतल्या गोंड-कोलामांबरोबर त्यांनी जंगल साफ करून शेते केली. जंगलखात्याने वस्ती बेकायदा ठरवली आणि झोपड्या जाळल्या. भीमूंनी हैदराबादला जाऊन दाद मागितली. ही गोष्ट सगळे विसरतात, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा तीच आहे. डोंगरावर मोर्चा बांधण्याआधी हा माणूस राजधानीत गेला होता. दाद लागली नाही, तेव्हा जोडेघाटच्या डोंगरावर माणसे जमली, पोलीस आले, गोळीबार झाला आणि भीमू काही साथीदारांसह पडले.

आता पडद्यावर यातले काय उरले ते पाहा. तिथला शत्रू आहे स्कॉट नावाचा काल्पनिक इंग्रज गव्हर्नर. त्याने गोंडांची एक लहान मुलगी पळवून नेली आहे, आणि भीम दिल्लीला जातो तो तिला सोडवायला. तो कळपाचा राखणदार आहे: प्रेमळ, बलदंड, जनावरांची भाषा समजणारा, शहराच्या रीतीभातींना बिचकणारा. या कथेत निजाम जवळजवळ नाहीच. जंगलखाते नाही, रेषा नाही, पट्टा नाही, अर्ज नाही. मुलगी परत मिळाली की भीमचे काम संपले, कारण त्याची दुसरी मागणीच नव्हती. खऱ्या भीमूंची मागणी मात्र अशी होती की एक माणूस मारून किंवा एक मूल सोडवून ती संपत नव्हती. ती कायद्याविरुद्ध होती.

शेवटचा प्रसंग तर मला फार खुपतो. काय हवे असे विचारल्यावर भीम आपल्या माणसांसाठी शिक्षण मागतो, आणि ते देणारा आहे राम. म्हणजे अक्षर रामाकडे, बळ भीमाकडे. लोकपरंपरेतले भीमू असे नाहीत. चांद्याला एका छापखानेवाल्याकडे राहून ते लिहा-वाचायला शिकले आणि नंतर आसामच्या चहामळ्यांत मजुरी करताना त्यांनी बाहेरच्या जगातले लढे ऐकले, असे ती परंपरा सांगते. या तपशिलांतला शब्दन् शब्द खरा धरावा असे मी म्हणणार नाही. पण गोंड लोक आपला नायक कसा आठवतात, ते यातून कळते. त्यांच्या आठवणीतला भीमू कागद वाचतो, अर्ज लिहितो, राजधानीची वाट जाणतो. कोट्यवधींच्या खर्चाने उभ्या केलेल्या चित्रपटाला हे सुचले नाही, त्याने आदिवासी म्हणजे निरागस बळ हा नागर मनातला ठसाच पुन्हा उमटवला. पूर्वपक्ष म्हणतो सिनेमाने भीमूंना मोठे केले. वाघाशी झुंजायला लावून माणूस मोठा होतो, हे मला मान्य नाही.

या चित्रपटावर वाद झालाच नाही असे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये पहिली झलक आली. तिच्यात भीम काही क्षण सुरमा घालून, गोल टोपीत मुसलमान तरुणाच्या वेषात दिसला, आणि आदिलाबादेतून मोठा विरोध सुरू झाला. जिल्ह्याच्या खासदारांनी इशारे दिले. निजामाशी लढलेल्याला निजामाच्या धर्माचा वेष, हा अपमान असे म्हणणे होते. भावना समजण्यासारखी आहे. पण त्या गदारोळात डोक्यावर काय घातले याचीच चर्चा झाली, पायाखालच्या जमिनीची झाली नाही.

या विरोधामागच्या दुसऱ्या वाचनाचाही समाचार घेणे भाग आहे, कारण आता तेही जोरात आहे. त्याच्या मते भीमूंचा लढा हा मुसलमानी सत्तेविरुद्ध हिंदूंचा लढा, आणि त्यांना मारणारे रझाकार. इथे कालक्रमच आडवा येतो. कासीम रझवीच्या हाती रझाकार संघटना आली ती 1946 नंतर, आणि तिचे अत्याचार मुख्यतः 1947-48 मधले. भीमू पडले 1940 मध्ये. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या नेहमीच्या पोलिसांनी, नेहमीच्या सरकारी कामकाजाचा भाग म्हणून, आणि जंगलाचा नियम मोडला म्हणून. हा नियम निजामाने एकट्याने शोधलेला नव्हता. ब्रिटिश मुलखात चांद्याला, बस्तर संस्थानात, सगळीकडे त्याच साच्याचे जंगल कायदे होते आणि सगळीकडे त्यांच्यावरून उठाव झाले. बस्तरचा 1910 चा भूमकाल उठाव हिंदू राजाच्या संस्थानात झाला. खलनायक इंग्रज केला काय किंवा मुसलमान केला काय, एक सोय दोन्हीकडे होते. खलनायक गेला की गोष्ट संपते, आणि जंगलाची रेषा कुणाच्या नजरेत येत नाही.

कादंबरीला मी या माळेत ओवणार नाही. अल्लम राजय्या आणि साहू यांची तेलुगू कादंबरी 1983 ची. त्याच्या दोनच वर्षे आधी, 20 एप्रिल 1981 रोजी, इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोकांचा त्याच्या कित्येक पट. मागणी जमिनीच्या पट्ट्यांची होती, आणि सरकार निजामाचे नव्हते, आपण निवडून दिलेले होते. त्या धगीत लिहिलेल्या कादंबरीतले भीमू काहीसे त्या काळच्या क्रांतिकारकांसारखे बोलतात, हे खरे. जल-जंगल-जमीन ही घोषणा आज त्यांच्या नावावर आहे. तिचे हे हिंदी रूप नंतरच्या चळवळींनी त्यांच्या तोंडी घातले असावे, असे मला वाटते. तरीही तिथे मागणी तीच राहिली आहे, आणि ज्या सत्तेकडे ती केली तीही ओळखू येते. लेखकांनी आपल्या काळाचा रंग भरला, पण वादाचा विषय बदलला नाही.

आता विद्वान पूर्वपक्षाकडे वळतो. लोककथा आणि सिनेमा दोन्ही सारखेच खोटे, हे त्याचे म्हणणे. लोककथेत चमत्कार आहेत, हे कोण नाकारतो? भीमूंना मंत्र येत, गोळी अंगाला लागत नसे, ते पुन्हा उठतील या भीतीने पोलिसांनी मेल्यावरही देहाची चाळण केली, असे सांगतात. पण ही कथा कुठे, कोण आणि कशी सांगतो तेही पाहायला हवे.

गोंडांचा इतिहास सांभाळण्याचे काम परधानांचे. घोड्याच्या केसांच्या तारा लावलेले किकरी हे वाद्य मांडीशी टेकवून परधान आपल्या यजमान कुळाची देवकथा गातो. त्याच्या घरात मराठी बोलली जाते, आणि गातो तो गोंडीत. ऐकायला ज्या कुळाची कथा, त्याच कुळाची म्हातारी माणसे बसलेली असतात. कोणत्या डोंगरावर देव आले, कोणत्या ओढ्याकाठी कोण उतरले, कोणत्या फांदीला कोणते गोत्र मिळाले, यात चूक झाली तर गायकाला तिथल्या तिथे टोकतात. ज्या समाजाचे कान असे तयार झालेले असतात, तो भीमूंची आठवणही त्याच शिस्तीने ठेवतो. चमत्कारात सैलपणा चालतो, जागेत आणि नात्यात चालत नाही. म्हणून बारा पाड्यांची नावे टिकली. म्हणून भांडण पिकावरून सुरू झाले हे टिकले.

तारखेचा पुरावा घ्या. छापील पुस्तकांत भीमूंच्या मृत्यूच्या निरनिराळ्या तारखा आढळतात, काही सप्टेंबरातल्या, बाकीच्या ऑक्टोबरातल्या. जोडेघाटला असा घोळ नाही. तिथे वर्षश्राद्ध आश्विन पौर्णिमेला होते, आपण जिला कोजागरी म्हणतो त्या दिवशी. त्या वर्षाच्या 1 ऑक्टोबरला सूर्यग्रहण होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. तिथून मोजत गेले की आश्विन पौर्णिमा 16 ऑक्टोबर 1940 ला येते. हल्ला पौर्णिमेच्या रात्री झाला, हे लोककथाही सांगते. शिकलेल्यांच्या पुस्तकांपेक्षा न शिकलेल्यांची तिथी इथे अधिक ठाम आहे. इतिहासकाराने ती खरवडून टाकायची की पुरावा म्हणून वापरायची?

लोककथेचे सगळेच मी मान्य करतो असे मात्र नाही. तिच्यात कुर्दू पटेल नावाचा फितूर आहे, त्याने पोलिसांना वाट दाखवली म्हणतात. इथे मी सावध होतो. बंडाच्या प्रत्येक कथेला असा माणूस लागतो. उमाजी नाईकांच्या आणि तंट्या भिल्लाच्या बाबतीत तो खरोखरच होता, म्हणून इथेही असलाच पाहिजे असे नाही. एका घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या डाग लावणाऱ्या आरोपाला गाण्यापेक्षा भक्कम आधार हवा. लोककथेची परीक्षा करायची ती अशी, एकेका विधानाची. सरसकट नव्हे.

पूर्वपक्षाला आणखी एक गोष्ट दिसत नाही: भीमूंचा दावा त्यांच्याबरोबर मेला नाही. गोळीबारानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की शांत म्हणून ओळखले जाणारे गोंड उठले का. दुसऱ्या महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकलेले ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादला गेले. त्यांच्या पाठीशी होते डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन, बस्तरच्या माडियांवर लिहिलेले आणि तेव्हा निजामाच्या सरकारात असलेले इंग्रज अधिकारी. हायमेनडॉर्फ मारलवाई या गावी राहिले, आणि बंडाचे मूळ त्यांनी जमिनीत आणि जंगलखात्याच्या धोरणात दाखवले. त्यानंतर पट्टे वाटायला सुरुवात झाली. 1949 पर्यंत सुमारे 1,60,000 एकर जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावावर लागली. मारलवाईला 1943 मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली आणि गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. याच कामात पुढे आपले सेतुमाधवराव पगडी आले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतो. आदिलाबादच्या गोंडांवरचे पुस्तक आणि गोंडी-कोलामीची व्याकरणेही त्यांचीच आहेत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

म्हणजे सिनेमातला भीम जे शिक्षण रामाकडे मागतो, ते आदिलाबादेत आले ते जोडेघाटच्या गोळीबारातून. ज्या सरकारने भीमूंना मारले, त्याच सरकारला त्यांच्या अर्जाचा बराचसा भाग चार-पाच वर्षांत मान्य करावा लागला. यापेक्षा मोठा विजय मला तरी सुचत नाही. कोणत्याही लोकप्रिय रूपात तो दाखवलेला नाही, कारण तो दाखवायचा तर पट्टा, सारा, तहसील हे सगळे पडद्यावर आणावे लागते.

शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो व्यवहारी आहे. नाव गाजले म्हणून 2016 मध्ये जुन्या आदिलाबादेतून निघालेल्या जिल्ह्याला भीमूंचे नाव मिळाले, जोडेघाटला स्मारक आणि संग्रहालय झाले. मग नुकसान काय? नुकसान असे की मागणी वजा केलेले नाव कशालाही देता येते. त्याच जिल्ह्यात जून 2019 मध्ये कोलामगोंदी पाड्यावरच्या कोलाम कुटुंबांना वनखात्याने उठवले आणि प्रकरण हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यावे लागले. 2025 च्या मे अखेरीस तेलंगण सरकारने कवाल आणि ताडोबा या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा पट्टा राखीव म्हणून जाहीर केला. वाघाला वाट हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या राखीव क्षेत्राला नाव दिले गेले कुमराम भीम यांचे. राखीव जंगलाच्या रेषेवर उभा राहून जो माणूस मारला गेला, त्याचे नाव राखीव जंगलाच्या नव्या रेषेला. पडद्यावरचा भीम डोळ्यांपुढे असेल तर यात विसंगत काही वाटत नाही. तो जंगलाचा मित्र आहे, वाघाचाही. जोडेघाटचे भीमू आठवत असते, तर सचिवालयात मसुद्यावर सही करणाऱ्याचा हात अडखळला असता.

गावांना मात्र ते आठवत होते. आपली शेते पुन्हा रेषेच्या आत जाणार, हे त्यांनी लगेच ओळखले, जुन्या आदिलाबादभर विरोध झाला आणि जुलैमध्ये सरकारला तो आदेश स्थगित ठेवावा लागला. आदिवासी संघटनांची मागणी स्थगितीची नव्हती. आदेश रद्द करा, असे त्यांचे म्हणणे होते.